कपाटातली बिअर

माझ्या पुस्तकांच्या कपाटातला खालचा खण मी सुयोगच्या बिअरला दिला, तेव्हा आपण मुलासाठी काही करतो आहोत असं मला वाटलं नव्हतं. त्या खणात जाड कोश होते, आणि गुडघ्यांमुळे वाकून ते काढणं तसंही बंद झालं होतं. कोश खोक्यांत भरून पलंगाखाली सरकवले आणि खण ओल्या फडक्याने पुसून दिला. एवढंच.

सुयोग आमचा एकुलता एक मुलगा, चाळिशीला टेकलेला. जाहिरातीच्या कंपनीतली त्याची नोकरी गेली, मग दुसरी लागली, तीही गेली. ठाण्याची भाड्याची जागा सोडून तो मुलुंडला आमच्याकडे राहायला आला. सून प्रांजल आमच्या नातीला, इरावतीला, घेऊन पुण्याला माहेरी गेली. भांडून गेली नाही. "काहीतरी पक्कं झालं की बघू," असं म्हणून गेली. हे वाक्य सुयोग स्वतःशीही म्हणायचा. तो दाढी करत असताना मी एकदा ऐकलं आहे.

बिअर घरी करायचा नाद त्याला जुना. नोकरी होती तेव्हा तो मित्रांसाठी करायचा, आणि मित्र वाखाणायचे. मला त्यातलं काही कळत नसे. मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. संध्याकाळी घरी येऊन एक कप चहा घेतला की माझी चैन संपायची. घरात बिअर करणं कायद्यात बसतं का, हेही मला माहीत नव्हतं. आमच्या सोसायटीत एक वकील राहतात. त्यांना विचारावं असं बऱ्याचदा मनात आलं, पण विचारलं तर विचारण्याचं कारण सांगावं लागलं असतं.

मग विकीचा फोन आला. विकी म्हणजे सुयोगचा शाळेतला मित्र, हल्ली अंधेरीतल्या एका हॉटेलात मॅनेजर. त्याचे शेठ हॉटेलातच स्वतःची बिअर करायची म्हणत होते. टाक्या यायच्या होत्या, परवाना झाला होता, माणूस हवा होता.

"शेठना डिग्रीबिग्री नको आहे," विकी फोनवर ओरडून बोलायचा, त्यामुळे मलाही ऐकू आलं. "त्यांच्याकडे पंधरा जणांचे बायोडेटा येऊन पडलेत. मी म्हटलं, एकदा घरी येऊन याची बिअर बघा. येतायत साले, घरी येतायत! तू फक्त नीट बनव."

त्या दिवशी सुयोग पुष्कळ महिन्यांनी जेवताना बोलला.

बिअर शिजली आमच्या स्वयंपाकघरात, आमच्या लग्नात सुलक्षणाला मिळालेल्या मोठ्या पातेल्यात. सुलक्षणा म्हणजे माझी पत्नी. ती मालवणकडची, गिरणी कामगाराची मुलगी, वाढली लालबागला. आधी तिने नाक मुरडलं. "देवाच्या खोलीकडे आणायचं नाही हां ते. आणि माझ्या पातेल्याक वास राहिलो तर तूच घासशील." पण सातू भिजवून, गाळून, उकळायला लागल्यावर तिचा राग कमी झाला. हे काम तिच्या ओळखीचं निघालं. गाळताना फडकं कसं धरायचं ते तिनेच त्याला दाखवलं. पुढे यीस्ट घालून ते आंबायला बादलीत भरलं आणि बादली न्हाणीघरात ठेवली, तेव्हा उन्हाळ्यात ती थंड राहावी म्हणून सुलक्षणा पाण्याच्या बाटल्या गोठवून तिच्याभोवती रचायची आणि वितळल्या की बदलायची. रात्री उठूनसुद्धा बदलायची.

"आई, तुलाच नोकरी मिळायला पाहिजे," सुयोग म्हणाला.

"मग काय! शेठला सांग, म्हातारी आहे, पण सुट्टी घेत नाही."

बादलीतलं काम संपल्यावर त्याने बिअर बाटल्यांत भरली. जाड काचेच्या बाटल्या, चिनी मातीचं बूच आणि त्यावर तारेची कडी. प्रत्येक बाटलीत थोडी साखर घातली. मी विचारलं, तेव्हा त्याने मला समजावून सांगितलं. आत उरलेलं यीस्ट ती साखर खातं, त्यातून गॅस होतो, बूच बंद असल्यामुळे गॅसला जायला वाट नसते, म्हणून तो बिअरमध्येच विरतो. ओतली की तोच फेस होऊन वर येतो. मला हे फार आवडलं. एखादी गोष्ट बंद करून ठेवली की चांगली होते, असं माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

बाटल्या ठेवायला अंधारी आणि थंड जागा हवी होती. घरात एसी फक्त आमच्या झोपायच्या खोलीत, आणि कपाटाला लाकडी दारं. म्हणून तो खालचा खण. बाटल्या उभ्या ठेवल्या, दारं लावली, आणि सुयोगने आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "उजेड लागू देऊ नका. आडव्या करू नका. हलवू नका. बाकी काही नाही."

उघडू नका, असं तो म्हणाला नाही. कोण म्हणेल?

आठवड्याभराने त्याने एक बाटली उघडून पाहिली. थोडासा फेस आला. "कोवळी आहे अजून," तो म्हणाला. "आता शेठ येईपर्यंत हात लावायचा नाही. आहेत किती एवढ्याशा." तेव्हापासून त्याने खरंच हात लावला नाही. रोज दुपारी तो आमच्या खोलीत यायचा, एसीचा आकडा बघायचा, बंद कपाटासमोर जरा उभा राहायचा आणि जायचा.

शेठ रविवारी दुपारी येणार होते. शनिवारी बाटल्या फ्रिजमध्ये गेल्या. सुलक्षणाने फ्रिज रिकामा केला. सुरमईचे तुकडे शेजारच्या शुभाताईंकडे ठेवायला दिले. "बुचं घट्ट आहेत आई, वास नाही लागत," सुयोग म्हणाला, तरी तिने ऐकलं नाही. ग्लास नवे आणले होते, उंच आणि वर जरा रुंद होणारे. ते त्याने साबण न लावता धुतले. साबणाचा अंश राहिला तर फेस मरतो म्हणे. मग त्याने मला ओतायला शिकवलं, कारण त्याचे हात थरथरले तर मी ओतावं अशी त्याची कल्पना होती. ग्लास तिरपा धरायचा, धार काचेवरून घसरू द्यायची, अर्ध्यावर आला की सरळ करायचा. तळाला गाळ असतो, म्हणून शेवटचा घोट बाटलीतच ठेवायचा. आम्ही पाण्यावर सराव केला. मी दोनदा सांडलं.

"बाबा, राहू द्या. मीच ओततो."

"तेच बरं," मी म्हणालो.

धवल शेठ वेळेवर आले. गोल चेहऱ्याचे, मृदू बोलणारे गृहस्थ होते. दारातच बूट काढले, देवघराकडे बघून हात जोडले. विकी मागून आला तो बोलतच आला. "काकू, कोथिंबीरवडीचा वास खालपर्यंत आलाय! काका, कसे आहात? अजून वाचताय की डोळे गेले?"

"आहेत अजून," मी म्हणालो.

सुलक्षणाने शेठना विचारलं, "तुम्हांला बर्फ लागतो का त्याच्यात?"

"मी घेत नाही काकू. मला साधं पाणी द्या."

"उपास आहे?"

"उपास नाही, आदत नाही," शेठ हसले. "चव विकी बघेल. मी फक्त डोळ्यांनी बघतो. असं आहे ना काकू, ग्लास टेबलावर आला की गिऱ्हाईक आधी मोबाईल काढतं, फोटो घेतं. त्या फोटोत फेस पाहिजे. फेस नसेल तर गिऱ्हाईक समजतं, काल उरलेली दिली. मग चव कोण बघतो?"

"बरोबर," सुयोग म्हणाला. त्याने पहिली बाटली टेबलावर ठेवली, बाहेरचं दव पुसलं आणि कडीला अंगठा लावला.

कडी सुटली. जो फट्ट आवाज व्हायला हवा, तो झाला नाही. मला वाटलं, मलाच ऐकू आलं नसेल. हल्ली तसं होतं. पण विकीने मान वर केली होती.

सुयोगने ग्लास तिरपा धरून ओतलं. सुंदर ओतलं. रंग मधासारखा आला आणि ग्लास भरला. वर काहीच नव्हतं. कडेला चारदोन बुडबुडे आले आणि फुटले.

"ग्लासला साबण लागला असेल," विकी पटकन म्हणाला.

"नाही लागलेला," सुयोग म्हणाला. "एखादी बाटली अशी निघते. थांबा."

दुसरी उघडली, तीही तशीच. या वेळी त्याने उंचावरून सरळ धार धरली. पांढरी रेघ वर आली आणि आम्ही बघत असतानाच गेली.

"अरे यार, हा तर गार चहा झाला," विकी म्हणाला, आणि लगेच त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं. त्याने ग्लास उचलून मोठा घोट घेतला. तोंडात घोळवला. "मागे चांगलं आहे काहीतरी. पण पुढे… पुठ्ठा ओला झाला की कसा लागेल, तसं लागतंय रे."

मीही एक घोट घेतला. मला बिअर कळत नाही, पण ती चव मला माहीत होती. छापखान्याच्या गोदामात पाणी शिरलं होतं, त्या वर्षी कागदाच्या रिमांना जो वास यायचा, तीच ती चव. ते मी बोललो नाही.

शेठ जरा मागे टेकले. त्यांनी वडीचा तुकडा मोडला आणि ग्लासकडे बघत बसले.

"एक मिनिट," म्हणून सुयोग आत गेला. मी त्याच्या मागे गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. बाहेर पाहुण्यांसमोर एकट्याने बसायची भीती वाटली, हेच बहुधा खरं.

सुलक्षणा दुसरा घाणा तळत होती. "काय झाला रे? आवडली ना?"

"गॅस नाहीये, आई. एकातही गॅस नाहीये." त्याने फ्रिज उघडून उरलेल्या बाटल्यांवरून हात फिरवला.

"गॅस कसा राहील?" ती झारा निथळत म्हणाली. "मी रोज वारा काढत होते ना."

सुयोगचा हात तिथेच थांबला. "काय काढत होतीस?"

"वारा रे. सकाळी पूजा झाली की एकेक कडी हळूच उचलायची, फुस्स झालं की परत लावायची. आमची आई कोकमाच्या बाटल्यांचा काढायची तसा. एक वर्ष राहिला काढायचा, तर बाटली फुटून आमच्या नानाच्या भुवईला टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. आणि इथे तर तुझे बाबा त्या कपाटाकडे डोकं करून झोपतात. मला आधी झोप यायची नाही." मग तिला आठवलं. "पण पडदे ओढून करायचे हं मी. उजेड नको म्हणाला होतास. अंधारात, चाचपत. एक बाटली हलवली नाही."

त्या वेळी मी फिरायला गेलेला असायचो आणि सुयोग झोपलेला. तो रात्री झोपायचाच नाही, म्हणून सकाळी उशिरा उठायचा. आमच्या दोघांच्या नकळत ती रोज मुलाच्या बिअरचा जीव थोडा थोडा बाहेर सोडत होती, आणि माझा वाचवत होती.

सुयोगने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

सुलक्षणाने गॅस बारीक केला. "का रे? माझा काय चुकला काय?"

"नाही गं," तो म्हणाला. "बरं केलंस. फुटल्या असत्या."

"तेच तर म्हटलं मी."

तो बाहेर गेला. मी दारापर्यंत गेलो आणि चौकटीला हात लावून उभा राहिलो.

"धवलभाई, यीस्ट मेलं होतं," सुयोग उभ्या उभ्याच म्हणाला. "मी तपासायला हवं होतं. माझी चूक आहे."

"होतं असं," शेठ म्हणाले. त्यांनी हात पुसले. "घरी ठीक आहे. तिकडे टाकीत असं झालं, तर पूर्ण टाकी जाते ना?"

"हो."

"तुम्ही खरं बोललात, बरं वाटलं."

विकी सुयोगकडे, मग माझ्याकडे बघत होता. तेव्हा मी एक वाक्य बोललो असतो, तर कदाचित काही झालं असतं. पण ते वाक्य आतल्या घाण्यावरच्या बाईला ऐकू गेलं असतं. मी असा हिशेब तेव्हा केला की आता, लिहिताना करतो आहे, हे मला ठरवता येत नाही. मी गप्प राहिलो एवढं नक्की.

जाताना सुलक्षणाने शेठना वड्या बांधून दिल्या. "परत या. पुढच्या वेळी अजून चांगली होईल."

"नक्की, काकू," शेठ म्हणाले.

संध्याकाळी सुयोग बाल्कनीत उभा राहून प्रांजलशी बोलत होता. "नाही झालं," असं म्हणाला आणि मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "हो. शाळेचं तिकडेच बघ तू. नाही, नाही, बरोबर आहे तुझं." नंतर फोन इरावतीकडे गेला असावा, कारण तो एकदम मांजरीचा आवाज काढायला लागला. ते ऐकवलं नाही. मी आत येऊन पंखा मोठा केला.

दुसऱ्या दिवशी मी विकीला फोन केला. मला फोनवर बोलायचं म्हणजे आधी शब्द जुळवावे लागतात. घरात बोलता येणार नव्हतं, म्हणून खाली उतरून पाण्याच्या टाकीमागे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. बुचं, कडी, कोकम, नानाची भुवई. भुवईचं सांगायची गरज नव्हती.

"काय सांगताय काका! काकूंनी?" विकी हसला, मग थांबला. "अहो, मग तो तेव्हाच का नाही बोलला? शेठसमोर बोलला असता तर काहीतरी… बरं, थांबा. मी सांगून बघतो त्यांना. आज भेटणारच आहे."

त्या दिवशी मी वाचायला बसलो, पण एक पान उलटलं नाही. मला खरंच वाटायला लागलं होतं. नवी बिअर करता येईल, पाच-सहा आठवडे लागतील, शेठ तेवढे थांबतील, कपाटाला मी कुलूप लावीन. सुलक्षणाला सांगायचं काय, यासाठीसुद्धा मी एक थाप जुळवून ठेवली.

विकीचा फोन संध्याकाळी आला. तो ओरडत नव्हता.

"काका, सांगितलं मी. शेठ ऐकून हसले, वाईट नाही हसले. म्हणाले, आई आहे, समजतं मला. पण म्हणाले, घरातलं एक कपाट त्याला तीन आठवडे सांभाळता नाही आलं. माझ्या टाक्यांवर तर वीस पोरं काम करतील, त्यातला कोण काय उघडेल?" त्याने आवाज आणखी खाली आणला. "आणि मला म्हणाले, म्हणजे काल तो माझ्याशी खोटं बोलला."

"त्याने आईसाठी…"

"मी बोललो काका ते. बेंगळुरूचा एक पोरगा आहे, त्याला हो म्हणून टाकलंय त्यांनी. सुयोगला मीच कळवतो. तुम्ही नका टेन्शन घेऊ."

म्हणजे त्याच्या पदरात एक गोष्ट पडली होती, शेठना तो खरा माणूस वाटला होता, आणि तेवढीही मी काढून घेतली. खरं सांगून हे झालं. खोटं राहू दिलं असतं तर दुसरं काही झालं असतं का? तेही नसतं. याच्यापुढे माझी बुद्धी चालत नाही.

दोन दिवस गेले. मग एका दुपारी सुयोग न्हाणीघरात उरलेल्या बाटल्या ओतत होता, तेव्हा मी दारात जाऊन उभा राहिलो. तो स्टुलावर बसला होता. एकेक कडी काढायची, बाटली उलटी धरायची, रिकामी झाली की बाजूला ठेवायची. घरभर सातूचा गोडसर, शिळा वास पसरला होता.

"तुम्ही विकीला फोन केलात," तो म्हणाला. वर बघितलं नाही.

"हो."

"आईला नाही ना सांगितलंत?"

"नाही."

"मग ठीक आहे."

मी म्हणालो, "परत करून बघ ना. दुसरीकडे कुठे दाखवता येईल. हॉटेलं काय कमी आहेत?"

"बाबा, ही एक जागा होती आणि तीही ओळखीने होती." त्याने पुढची बाटली उचलली. "भिवंडीला गोदामात आहे एक काम. सुपरवायझरचं. माझ्या जुन्या ऑफिसातल्या निलेशच्या भावाने सांगितलंय. उद्यापासून जातो."

"तिथे कसलं गोदाम?"

"माहीत नाही. खोकी असतील."

सुलक्षणा मागून आली. नाकाला पदर लावलेला. "एवढी सगळी ओतलीस? अरे, मी घेतली असती केसांना. केसांना चांगली असते म्हणतात." कोणी हसलं नाही, तशी ती वाकून त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "मेल्या, एवढा काय तोंड पाडून बसतंस? यीस्ट मेला तर मेला. पुढच्या वेळी नवीन आण. आणि मी आता दोन वेळा वारा काढीन. संध्याकाळचाही. अगदी काही बिघडू देणार नाही."

"हो, आई," सुयोग म्हणाला.

ती समाधानाने गेली. त्याने शेवटची बाटली ओतली, नळ सोडला आणि पाय आखडून घेत तसाच बसून राहिला. बराच वेळ पाणी वाहत होतं. मला नळ बंद करावासा वाटला, पण मध्ये तो होता.

"बाबा," तो म्हणाला, "मला सकाळी लवकर उठवाल? हल्ली मला अलार्म ऐकूच येत नाही."

"उठवीन," मी म्हणालो.